आहे तेवढाच फोटो

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खात होतो. "सुरेखा गेली रे," तो म्हणाला. मी "बरं, येतो," म्हणालो... गॅसचा सिलिंडर आलाय, जरा घरी ये, असं कुणी सांगावं आणि आपण म्हणावं, तसं. मग डब्यात उरलेली दुधीची भाजी संपवली, पोळीचा शेवटचा तुकडा खाल्ला, डबा नळाखाली धुतला, निथळायला पालथा घातला आणि मुख्याध्यापिका बाईंना सांगून निघालो. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की डबा तिथंच राहिला. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं असेल तर त्या डब्याचं. माझ्या आत काहीतरी बंद पडलं ते तेव्हाच, आणि आता दीड-दोन महिने होत आले तरी ते नीट सुरू झालेलं नाही.

सुरेखा म्हणजे माझी वहिनी. चाकणच्या एका कास्टिंग कंपनीत त्या क्वालिटीला होत्या. सकाळी निगडीहून कंपनीची बस पकडायच्या, खिडकीपाशी बसायच्या आणि तळवड्याच्या पुढं गेलं की डोळे मिटायच्या. त्या दिवशी बस कंपनीच्या गेटात शिरली, सगळे उतरले, वहिनी उतरल्या नाहीत. शेजारच्या बाईंना वाटलं, आज जरा जास्तच झोप लागलीय. त्यांनी खांद्याला हात लावून हलवलं... डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, काही कळलंही नसेल. हे वाक्य डॉक्टर नातेवाइकांना बरं वाटावं म्हणून म्हणतात की ते खरंच असतं, मला माहीत नाही. दादाला ते बरं वाटलं. तो येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता.

वहिनी मूळच्या परभणीकडच्या. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्या इकडं आल्या, लग्न झालं, पण बोलण्यातली परभणी गेली नाही. "काय करायलात, मास्तर भाऊजी?" हे त्यांचं दारातलं वाक्य. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक, म्हणून मास्तर. मी त्यांच्याहून वयानं मोठा होतो, पण दीर तो दीर. चिडवायचा हक्क त्यांनी पहिल्या दिवाळीपासून वसूल केला. मी घरात शिरलो की मुद्दाम प्राचीला, म्हणजे माझ्या पुतणीला, हाक मारायच्या, "प्राची, पाढे म्हण, तपासणी आलीय." प्राची कॉलेजात गेली तरी हे चालू होतं. त्यांच्याकडं गेलो नाही असा रविवार क्वचित जायचा. त्या चिडवायच्या, मी सोफ्यावर बसून उत्तरं द्यायचो आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असायच्या. आमचं सगळं नातं त्या सोफ्यापासून त्या दारापर्यंतच्या अंतरात झालं.

कंपनीत त्यांचं काम म्हणजे नापास झालेल्या पार्टचे फोटो काढणं. कुठं तडा, कुठं खड्डा, कुठं ओरखडा. पार्ट टेबलावर ठेवायचा, दोषाच्या जागी बोट टेकवायचं आणि दुसऱ्या हातानं फोटो घ्यायचा. असे ढीगभर फोटो रोज गिऱ्हाईक कंपनीला पाठवायचे, आणि फोटो जड असले की तिकडची यंत्रणा ते घेतच नसे. तिकडच्या, जर्मनीतल्या कुणा साहेबाला वहिनींचं बोट नक्की ओळखता आलं असतं, हळद लागलेल्या नखासकट. चेहरा मात्र त्यानं कधी पाहिला नसणार. एकेक फोटो उघडून लहान करत बसायचा त्यांना कंटाळा. मग चेन्नईहून आलेल्या एका मॅडमनी बदली होऊन जाताजाता त्यांना कमांड शिकवली. काँप्युटरवर काळी खिडकी उघडायची, त्यात एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, की फोल्डरमधले सगळे फोटो एका दमात लहान होतात. ना माउस, ना बटणं. त्या काळ्या खिडकीला वहिनी 'पाटी' म्हणायच्या. त्या कमांडचं नाव मॉग्रिफाय. वहिनींनी तिची धुण्याची मोगरी करून टाकली. कंपनीतलं उरलेलं काम त्या रविवारी घरच्या लॅपटॉपवर करायच्या. "थांबा भाऊजी, मोगरी मारते," म्हणायच्या, दोन बोटांनी ओळ टाइप करायच्या, एंटर दाबून उठायच्या आणि कुकर लावायला जायच्या. कुकर झाला की इकडं फोटोही झालेले असायचे. धुणं धुतल्याचं समाधान असायचं त्यांच्या तोंडावर.

ही विद्या माझ्याही कामी आली. आमच्या शाळेत दरवर्षी मुलांचे फोटो पोर्टलवर चढवायचे असतात, आणि फोटो ठरलेल्या मापापेक्षा जरा जड झाला की पोर्टल तोंड फिरवतं. आम्ही शिक्षक मोबाइलवर एकेका मुलाचा फोटो चिमटीनं कापत बसायचो. मी वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "द्या की इकडं, एका ओळीचं काम हाय." दिले. दुसऱ्या दिवशी फोटो पाहतो तर सगळा वर्ग गालगुंड झाल्यासारखा. उभे फोटो चौकोनात बसवताना वहिनींनी ओळीत एक चिन्ह जास्तीचं टाकलं होतं, त्यामुळं सगळी पोरं आडवी ताणली गेली होती. मी रविवारी तोंड पाडून गेलो, त्या पोट धरून हसल्या, म्हणाल्या, "शाळेची खिचडी मानवलीय म्हणायचं." मग ओळ दुरुस्त करून दिली. पण काही गालफुगरे फोटो आधीच चढले होते, ते तसेच राहिले. एक मुलगा सातवी पास होऊन गेला तरी आमच्या नोंदीत तो गोल चेहऱ्याचाच आहे.

तर या मोगरीतली गोम अशी की ती फोटोची वेगळी प्रत काढत नाही. आहे त्याच फोटोवर काम करते. मोठा होता तो लहान होतो आणि मोठा पुन्हा मिळत नाही. वेगळी प्रत काढणारी दुसरी कमांड असते, वहिनींना ती ठाऊकही होती, पण तिची ओळ लांब. आणि कंपनीत त्यांना तिची कधी गरज पडली नाही, कारण मोठे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात शाबूत असायचे. इतकी वर्षं हात त्याच रीतीनं चालला होता.

दिवाळीच्या आधीची साफसफाई चालली होती. माळे झाले, पंखे झाले, मग वहिनींची नजर घरच्या लॅपटॉपवर गेली. तो भरत आला होता. त्यात सगळ्या घराचे फोटो होते, प्राचीच्या बालवाडीपासूनचे, कारण फोनमध्ये जागा व्हावी म्हणून वहिनी स्वतःच ते वेळोवेळी लॅपटॉपवर घ्यायच्या आणि फोनमधून पुसायच्या. त्यांनी पाटी उघडली, सवयीची ओळ टाइप केली, पार्टच्या फोटोला लागतं तेच माप टाकलं, एंटर दाबलं आणि करंजीचं सारण परतायला गेल्या. लॅपटॉप एकदम मोकळा झाला. दादाला कौतुकानं दाखवलासुद्धा.

कुणाला काही कळलं नाही. कुणी मागितला की फोटो फोनवर पाठवायचा, आणि तेवढ्याशा पडद्यावर तो चांगलाच दिसायचा. कळलं पुढं, दादाच्या वाढदिवसाला फोटोंचं कॅलेंडर करायचं ठरलं तेव्हा. चिंचवड गावठाणात इक्बालभाईंचं छपाईचं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, फोटो, फ्रेम, सगळं. सुट्टीच्या दिवशी वहिनींनी मला गाडीवर न्यायला सांगितलं. इक्बालभाईंनी पेन ड्राइव्ह लावला, फोटो पडद्यावर मोठा केला आणि म्हणाले, "मॅडम, फाटतोय हा. ओरिजिनल द्या ना." वहिनींनी दुसरा दाखवला. तोही फाटत होता. तिसरा. प्राचीचं पहिलं गॅदरिंग, परभणीचं अंगण, वहिनींचे वडील... मोठे केले की सगळ्यांच्या चेहऱ्याचे चौकोन होत होते. इक्बालभाई पुन्हा म्हणाले, "ओरिजिनल असतील ना घरी?" वहिनींनी पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "हेच ओरिजिनल आहेत आता."

परत येताना त्या गाडीवर मागं गप्प होत्या. हा एक चमत्कारच होता. बिल्डिंगपाशी उतरल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, पोरीचा पार्ट करून टाकला की हो मी." मी काहीतरी समजुतीचं बोललो. दादा तर म्हणाला, "दिसतायत ना? मग झालं." दादा मुळात फोटो बघणाऱ्यातला नव्हे. लग्नाचा अल्बमही त्यानं कुणी मांडीवर ठेवला तरच पाहिला असेल. पण वहिनींनी ते मनाला लावून घेतलं. त्यांना रोज दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायची सवय, आणि इथं बोट ठेवायला त्याच होत्या.

त्यानंतर घरात एक नवं व्रत सुरू झालं. आधी कॉपी. लॅपटॉपवर कशालाही हात लावायचा तर आधी त्याची प्रत काढून 'कॉपी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, मग कमांड. मलाही तशी शपथ घातली. पुढं पुढं ते स्वयंपाकघरातही शिरलं. लोणच्यात नवा मसाला घालून बघायचा तर आधी जुनं लोणचं वाटीभर बाजूला काढून ठेवायच्या आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "आधी कॉपी." प्राची वैतागायची. मी म्हणायचो, वहिनी, दादाची एखादी कॉपी काढून ठेवा. त्या म्हणायच्या, "एकच आवरंना झालाय."

आणि त्यांनी सगळ्यांचे नवे फोटो काढायचा सपाटा लावला. गेलेलं परत येत नाही तर निदान इथून पुढचं मोठं असू दे, असा हिशेब. प्रत्येकाला गच्चीवर नेऊन, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं करून फोटो. दादाचा, प्राचीचा, माझा, माझ्या बायकोचा, समोरच्या देशमुख आजींचा. सगळे मोठे, सगळ्यांना हात न लावता ठेवलेले. प्राची म्हणायची, "आई, आता तू उभी राहा." वहिनी म्हणायच्या, "माझा नंतर. आज केस धुतलेले नाहीत." आमची शेवटची भेटही अशीच. त्या रविवारी मी निघालो तर त्या जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्या फोटोत तुम्ही चांगले आलात हं. शोभत नाही तुम्हाला." मी हसलो का, ते मला आठवत नाही. आठवायचा खूप प्रयत्न केला...

तेराव्याच्या आधी प्राचीनं फोटो शोधायला घेतला. भिंतीवर आईचा मोठा फोटो हवा, एवढा एकच हट्ट तिनं त्या दिवसांत धरला. जेवायला म्हटलं तर जेवत होती, झोप म्हटलं तर झोपत होती, पण फोटोचं नाव निघालं की तिच्या आवाजात धार यायची. कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो तिनं बाजूला सारला. त्यात वहिनी पार्ट तपासताना बघायच्या तशा कॅमेऱ्याकडं बघत होत्या. लग्नाकार्यातल्या घोळक्यात त्या अर्ध्या कुणाच्या तरी खांद्याआड. चांगला म्हणावा असा फोटो एकच निघाला. प्राचीनंच शाळेत असताना काढलेला. उन्हाळा, गच्ची, कुरडया घालणं चाललेलं, वहिनींच्या डोक्याला ओढणी बांधलेली, हातात सोऱ्या, आणि कशाला तरी मान वर करून हसतायत. पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला, हनुवटीवर तेलाच्या थेंबाचा जुना डाग. अगदी वहिनी. आणि तो त्या दिवाळीच्या आधीचा. मोगरी लागलेला.

प्राचीनं फोनवरच्या कसल्याशा ॲपमध्ये तो घालून मोठा करून घेतला. आता अशी ॲपं निघाली आहेत, फाटलेला फोटो स्वतःच्या बुद्धीनं शिवून देतात. फोटो खरोखर मोठा झाला, स्वच्छ झाला, पापण्यांचे केससुद्धा मोजून घ्यावेत असा. तिनं तो दादापुढं धरला. दादानं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. "ही कोण?" तो म्हणाला. खोडून काढायचं म्हणून किंवा रागानं, असं काही नव्हतं त्यात. त्याला खरंच कळलं नव्हतं. मग मी पाहिलं. दात सरळ झाले होते. हनुवटीवरचा डाग गेला होता. वहिनींच्या ओढणीत एक छानशी बाई हसत होती आणि आमच्यापैकी कुणीच तिला ओळखत नव्हतं. प्राचीनं फोन पालथा ठेवला. आईच्या जाण्यानंतर ती तेव्हा पहिल्यांदा रडली. दादाही रडला. मी दोघांना पाणी आणून दिलं आणि पेले पुन्हा जागेवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी प्राचीला घेऊन मी इक्बालभाईंकडं गेलो. त्यांनी मला ओळखलं. "मॅडम नाही आल्या?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग पेन ड्राइव्ह लावला. प्राची म्हणाली, "काका, कसाही करा, पण मोठा करा." त्यांनी माप वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, पुन्हा वाढवून पाहिलं. शेवटी हात बाजूला घेतला. "बेटा, ओढून मोठा केला की आई फाटते," ते म्हणाले. "ओढू नको. जेवढी आहे तेवढीच चांगली येते. मी चांगल्या कागदावर काढून देतो. फ्रेम मोठी घे, भोवती पांढरं सोडू." प्राचीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

तर असा फोटो आहे आता दादाच्या हॉलमध्ये. फ्रेम चांगली मोठी, आत नुसतं पांढरं, आणि त्याच्या मधोमध तळहातात मावतील एवढ्या वहिनी. तेराव्याला जे आले ते दारातून नमस्कार करायचे आणि मग गोंधळायचे, कारण दारातून काही दिसायचंच नाही. त्यांना भिंतीपर्यंत जावं लागायचं. कंपनीच्या बसमधल्या बायका आल्या होत्या. त्या एकामागून एक भिंतीशी गेल्या, वाकल्या, तोंड अगदी काचेपाशी नेलं आणि वहिनी दिसल्यावर प्रत्येक जण तिथंच थोडी थांबली. बसमध्ये ज्यांनी खांद्याला हात लावला होता त्या बाई तर हलेचनात. दादा पहिल्या पाळीवरून आला की आता आधी तिकडं जातो. चष्मा कपाळावर ढकलतो आणि बघतो. जन्मात फोटो न बघणारा माणूस. त्याच्या श्वासानं काच धुरकटते, ती प्राची नंतर पुसते.

मी मात्र जात नव्हतो. रविवारी जायचो, माझ्या सोफ्यावर बसायचो, चहा प्यायचो. सोफ्यावरून ती फ्रेम म्हणजे एक पांढरा चौकोन आणि त्यात एक करडा ठिपका. माझ्या मनात एक खुळी गोष्ट यायची, की फोटो मोठा असता तर बसल्या जागी दिसला असता, नजर टाकली असती, सुटलो असतो. मला वाटतं, मी घाबरत होतो. जवळ जाऊनही आत काहीच हललं नाही तर, या गोष्टीला.

गेल्या रविवारी प्राची आत चहा करत होती, दादा खाली गेला होता. मी उठलो आणि भिंतीशी गेलो. चष्मा काढला, वाकलो. कागद खरंच चांगला होता. सोऱ्या दिसला, ओढणीची गाठ दिसली, चढलेला दात, हनुवटीवरचा डाग. इतक्या जवळून मी वहिनींचा चेहरा आयुष्यात कधी पाहिला नव्हता. दीर म्हणून जे अंतर होतं, ते इतकी वर्षं त्यांनीही पाळलं होतं आणि मीही. आता माझं नाक काचेला लागत होतं. तेव्हा दिसलं की त्यांच्या गालावर, डोळ्याच्या खाली, काहीतरी पांढरं लागलंय. मला वाटलं, काचेला काही चिकटलंय. मी रुमाल काढला आणि पुसलं. गेलं नाही. बोटाला थुंकी लावून पुसलं. मग कळलं की तो कुरडईचा चीक आहे, त्या दुपारचा. गच्चीवर आम्ही सगळे होतो आणि कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं. मी पुसत राहिलो. प्राची चहा घेऊन आली, कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, ते आत आहे." मी हो म्हणालो. तरी पुसत राहिलो.